छातीचा आडवा छेद

आरेखकाचा खोकला सुरुवातीला अगदी सभ्य होता. दार वाजवून यावे तसा यायचा, एकदोनदा खाकरायचा आणि आल्या वाटेने निघून जायचा. पुढे तो न विचारता येऊ लागला, मग मुक्कामालाच राहिला, आणि एके दिवशी घरच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरून "हं" असे म्हटले. डॉक्टरांचे "हं" हे भाषेतले सर्वांत आखूड आणि सर्वांत लांब वाक्य आहे. ते कानावर पडल्यापासून त्याचा अर्थ लागेपर्यंत माणूस आपले सबंध आयुष्य एकदा उलटे आणि एकदा सुलटे जगून घेतो.

"डाग दिसतोय. वाटाण्याएवढा," डॉक्टर म्हणाले. "घाबरायचं कारण नाही."

"कसला डाग?"

"तेच तर एक्स-रे सांगत नाही. एक्स-रे म्हणजे सावली हो. फासळ्या, हृदय, फुप्फुसं, सगळं एकमेकांवर पडलेलं. डाग फुप्फुसातला आहे, फासळीचा आहे की शर्टाच्या बटणाचा, हेसुद्धा छातीठोक सांगता येत नाही. छातीचा सीटी स्कॅन करून घ्या. त्यात छातीचे पातळ पातळ काप दिसतात. कापात काही लपत नाही."

घरी आल्यावर आरेखकाने बायकोला बटणाची शक्यता तेवढी सांगितली. बायकोने त्याचा तो शर्ट आणून पाहिला. वाटाण्याएवढे बटण त्याला नव्हते. एक शब्द त्या दिवशी घरात शिरला होता. तो कुणी उच्चारला नाही, पण जेवताना त्याच्यासाठी जागा सोडून बसावे तसे दोघे बसले. लेकीला कळवायचे नाही असे ठरले. ती दूरगावी नव्या नोकरीवर रुजू झाली होती आणि तिला रजा मिळणार नव्हती. रजा मिळणार नसलेल्या माणसाला काळजी देणे आरेखकाला नियमबाह्य वाटले.

शेजाऱ्यांना मात्र काही सांगावे लागत नाही. खालच्या मजल्यावरचे निवृत्त विमा अधिकारी, ज्यांना सारी इमारत सर्वज्ञ म्हणत असे, जिन्यातच भेटले. विम्याच्या नोकरीत माणूस कशाकशाने मरतो याचा त्यांनी इतका व्यासंग केला होता, की तो जगतो कशाने याकडे पाहायला त्यांना सवडच झाली नव्हती.

"सीटी? इंजेक्शन देऊन करणार की साधा?"

"साधा म्हणालेत."

"साधा?" सर्वज्ञांनी चेहरा असा केला की साध्याने काही साधणार नाही, आणि इंजेक्शनचा असता तर आरेखकच उरला नसता. "बरं. साधा तर साधा. वहिनींना सगळी कागदपत्रं कुठे आहेत ते सांगून ठेवा म्हणजे झालं."

तपासणी केंद्राच्या प्रतीक्षागृहात आरेखकाच्या शेजारी ड्रायव्हिंग स्कूलचे एक मास्तर बरगड्या धरून बसले होते. त्यांच्या शिष्येने खांबाला प्रदक्षिणा घालण्याऐवजी आलिंगन दिले होते आणि सीटच्या पट्ट्याने मास्तरांची छाती आवळली होती. "ब्रेक म्हणून ओरडलो, तर बाईंनी ॲक्सिलरेटर दाबला," मास्तर म्हणाले. "साध्या एक्स-रेत फासळी धड दिसतेय, पण श्वास घेतला की जीव जातो. आत काही तडकलंय का, फुप्फुसाला मार लागलाय का, ते यात कळणार म्हणे."

टेक्निशियनने आरेखकाचे घड्याळ, चष्मा आणि स्वाभिमान काढून घेतला आणि मागून बांधायचा एक झगा दिला. त्या झग्याच्या नाड्या माणसाला स्वतःला बांधता येऊ नयेत अशा बेताने लावलेल्या असतात. इंजेक्शनबद्दल आरेखकाने विचारलेच. "रक्ताची गुठळी किंवा रक्तवाहिन्या बघायच्या असत्या तर दिलं असतं," टेक्निशियन म्हणाला. "त्याआधी मूत्रपिंडाची तपासणी, उपाशी पोट, सगळं बघावं लागतं. फुप्फुसातला डाग बघायला साधा पुरतो. हलू नका म्हणजे झालं."

यंत्र म्हणजे एक भलेमोठे उभे कडे होते आणि त्यातून आतबाहेर सरकणारे एक अरुंद मेज. आरेखक उताणा झाला, हात डोक्यावर घेतले आणि पायांकडच्या दाराकडे पाहत त्या कड्यात शिरला. कुठूनसा एका बाईचा आवाज आला: "श्वास घ्या. रोखा." कडे गुरगुरले. "सोडा." ती बाई कुठेच नव्हती. इतक्या निःपक्षपाती आवाजात त्याला आजवर कुणी जगायला सांगितले नव्हते. त्याने श्वास घेतला, रोखला, आणि त्या रोखलेल्या अवकाशात खोकला उंबऱ्यापर्यंत येऊन शहाण्या मुलासारखा उभा राहिला.

फिल्म त्याच दिवशी मिळाली. अहवाल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळणार होता. येथवर सारे नियमाप्रमाणे चालले होते, आणि समजूतदार माणसाने फिल्म पाकिटातच ठेवली असती. पण आरेखक बांधकाम खात्यात नकाशे काढत होता. छेद काढणे हा त्याचा धर्म होता.

खिडकीच्या काचेला लावलेल्या त्या काळ्या फिल्मवर राखाडी वर्तुळांच्या रांगा उजळल्या आणि आरेखकाचा ऊर भरून आला. हाडे पांढरी, हवा काळी, मांस धुरकट. एकेक वर्तुळ म्हणजे छातीचा एकेक मजला.

"अगं, हा तर तळनकाशा आहे!" तो ओरडला. "खिडकीच्या उंचीवर घर आडवं कापायचं, वरचं उचलून बाजूला ठेवायचं आणि आत डोकवायचं. उगाच घाबरलो. हे बघ, खाली मधोमध पाठीचा कणा, वर छातीचं हाड. या दोन मोठ्या काळ्या खोल्या म्हणजे फुप्फुसं. आणि हे हृद..."

तो थांबला.

"काय झालं?" बायकोने विचारले.

"हृदय उजवीकडे आहे."

बायकोने फिल्म पाहिली, मग त्याला पाहिले. "हात लावून बघा ना."

त्याने छातीवर हात ठेवला. हृदय नेहमीच्या पत्त्यावर, डावीकडेच होते. जरा घाईत होते इतकेच. त्याने पुन्हा फिल्म पाहिली. तळनकाशा वरून पाहतात हे जगातल्या कुठल्याही आरेखन-कक्षात विचारावे. वरून पाहिले, छाती कागदाच्या वरच्या अंगाला ठेवली, की माणसाची डावी बाजू कागदाच्या डावीकडे येते. तेथे हृदय नव्हते. तेथे कडेला फक्त 'आर' हे अक्षर छापलेले होते, आणि त्यावरून त्याने एवढेच ताडले की हा नकाशा एकदा सुधारून काढलेला आहे. त्यांच्या खात्यात सुधारित नकाशाला हीच खूण करतात.

"म्हणजे?" बायको म्हणाली.

"म्हणजे ही छाती माझी नाही."

हे वाक्य उच्चारताना त्याच्या आवाजात जे होते त्याला तो स्वतः तांत्रिक काटेकोरपणा म्हणाला असता. ती छाती त्याची नसेल, तर तिच्यातला डागही त्याचा नव्हता. कुणा अनोळखी माणसाच्या छातीत तो वाटाणा सुखाने पडला होता, आणि त्या माणसाबद्दल आरेखकाला वर्तमानपत्रातल्या बातमीबद्दल वाटते तितकी प्रामाणिक सहानुभूती वाटली. कित्येक दिवसांनी त्याला भूक लागली.

"आणि एक्स-रेतला डाग?" बायकोने विचारले. बायकांना नको तेथे तर्क सुचतो.

"डॉक्टर स्वतः म्हणाले, बटणाचाही असेल."

"बटण मी बघितलंय."

"धोब्याकडे एखादं तुटून पडलं असेल," असे म्हणून त्याने जोडे घातले.

केंद्रातल्या काउंटरवरच्या बाईंनी पाकीट उलटसुलट पाहिले. "नाव तुमचंच आहे. वय तुमचंच आहे."

"नाव कशावरही लिहिता येतं, बाई. आमच्या खात्यात एकदा शवागाराच्या नकाशावर कन्याशाळेचं नाव पडलं. मंजूर झाला."

"मग?"

"मग काय? मुलींचे वर्ग फार थंड निघाले."

बाई हसल्या नाहीत. काउंटरच्या पलीकडे बसले की माणसाचे हसू अलीकडेच राहते. "थोडक्यात, हा स्कॅन तुमचा नाही असं तुमचं म्हणणं."

"माझं नाही, माझ्या हृदयाचं."

"हृदयाचं म्हणणं इथे लिहून घेता येत नाही. तुमची लेखी तक्रार घेते. पण मग रिपोर्ट थांबवावा लागेल. स्कॅन कुणाचा याचा वाद आहे तोवर रिपोर्ट कुणालाच देता येत नाही."

"थांबवा," आरेखक म्हणाला. फाशीचा हुकूम तहकूब करणाऱ्या राजाच्या थाटात म्हणाला. फाशी कुणाची होती एवढे सोडून.

घरी हे ऐकल्यावर बायको भाजी चिरता चिरता थांबली. "म्हणजे उद्या कळणार नाही?"

"जो डाग आपला नाही तो कळून काय करायचंय?"

"अहो, मला उद्यापर्यंतचीच ताकद होती," ती म्हणाली आणि पुन्हा चिरू लागली. सुरीचा आवाज जरा मोठा झाला होता. आरेखकाने तो ऐकला नाही असे ठरवले.

सर्वज्ञांना ही बातमी कुणी दिली ते कळले नाही. ते वर आले, खुर्चीत बसले आणि फिल्म न पाहताच म्हणाले, "उजवीकडे हृदय असणारी माणसं असतात. हजारोंत एखादा. पण अशा माणसानं विमा काढताना ते जाहीर करावं लागतं. तुम्ही केलं होतं का?"

"भावजी, यांचं हृदय डावीकडेच आहे," बायको म्हणाली. "फिल्ममधलं उजवीकडे आहे."

"वहिनी, बाहेरून काय सगळ्यांचंच डावीकडे वाटतं," सर्वज्ञ म्हणाले. हे वाक्य इतके गहन होते की ते स्वतःच त्यावर मान डोलवत जिना उतरले.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "बाबा, तुमचं हृदय उजवीकडे आहे म्हणे? आणि मला सर्वज्ञकाकांकडून कळतं? डाग कसला आहे?"

"डाग माझा नाही, बाळा."

"मग आई फोनवर का बोलत नाहीये?"

या प्रश्नाला तक्रारीच्या अर्जात रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी आरेखकाने खऱ्या छातीचा शोध आरंभला. त्याच्या पाठोपाठ त्या कड्यात शिरलेला माणूस एकच होता. ड्रायव्हिंग स्कूलसमोर दोन ब्रेकांची शिकवणीची गाडी उभी होती. मास्तरांनी ऐकून घेतले, आपले पाकीट आणले, आणि दोघे गाडीत बसून समोरच्या काचेवर दोन्ही फिल्म लावून पाहू लागले. रस्त्याने जाणाऱ्या लोकांना दोन प्रौढ गृहस्थ उभ्या गाडीत बसून काळ्या काचेतून जगाकडे पाहताना दिसत होते.

"हे घ्या. तुमचंही उजवीकडे," आरेखक म्हणाला.

मास्तरांनी दचकून छातीला हात लावला, बरगडी दुखली तसे कळवळले. "अहो, पण माझं इथं उडतंय!"

"तेच म्हणतो. आपल्या दोघांची अदलाबदल झाली असती तर एकाचं तरी डावीकडे हवं होतं."

"मग?"

आरेखकाने दीर्घ श्वास घेतला. तो खोकल्यात गेला. खोकून झाल्यावर तो म्हणाला, "मास्तर, यंत्रच उलटं बसवलंय."

"रिव्हर्स पडलाय," मास्तर हलक्या आवाजात म्हणाले. त्यांच्या अनुभवाला ते पटण्याजोगे होते.

यानंतर जे झाले त्याचे श्रेय सर्वज्ञांचे. त्या केंद्रात ज्याने ज्याने म्हणून छाती कापवून घेतली होती तो तो पाकीट घेऊन आरेखकाचा जिना चढू लागला. न्यूमोनिया पुरता गेला का ते पाहून घेतलेल्या निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. वर्षानुवर्षे सिगारेट ओढून आता दरवर्षी फुप्फुसे तपासून घेणारे वाचनालयाचे ग्रंथपाल आले. बैठकीची खिडकी फुप्फुसांनी भरून गेली. ऊन त्या छात्यांतून गाळून खोलीत राखाडी पडू लागले. एकेक फिल्म लागे, आरेखक फूटपट्टी टेकवून म्हणे, "उजवीकडे," आणि मागून एक सामुदायिक उसासा निघे. लोक त्याला साहेब म्हणू लागले. खात्यात इतकी वर्षे काढून जे लाभले नव्हते ते एका दुपारीत लाभले.

आणि याच वैभवाच्या शिखरावर, मुख्याध्यापिकांच्या छातीवर फूटपट्टी टेकवलेली असताना, त्याच्या मनात एक साधे गणित सुटले. यंत्र उलटे असेल, तर सगळ्यांचीच चित्रे उलटी होती. मग अदलाबदल झालीच नव्हती. मग ती फिल्म त्याची होती, फक्त उलटी. आणि उलटा असला तरी डाग डागच असतो.

"साहेब, माझं?" मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"उजवीकडे," तो म्हणाला. त्याचा आवाज असा आला की मुख्याध्यापिका घाबरून खाली बसल्या. स्वयंपाकघराच्या दारातून बायको त्याच्याकडे पाहत होती. ते गणित तिने दोन दिवसांपूर्वीच सोडवले होते, असे तिच्या चेहऱ्यावरून वाटले.

शिष्टमंडळ केंद्रात गेले ते त्याच्याच नेतृत्वाखाली. पण आता मोर्चा त्याला ढकलत होता. पुढे सर्वज्ञ, मग मास्तर, मागे पाकिटे. काउंटरवरच्या बाईंनी एकवार सर्वांकडे पाहिले आणि आतल्या अंधाऱ्या खोलीतून रेडिओलॉजिस्ट बाईंना बोलावून आणले. दिवसभर लोकांच्या आतली अंधूक चित्रे वाचून उजेडात आलेल्या माणसाचे डोळे जसे असतात तसे त्यांचे डोळे होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"तुम्ही नकाशे काढता?"

"हो. आणि तळनकाशा वरून पाहतात."

"बरोबर. इकडे या. झोपा."

"इथे?"

"उताणे."

प्रतीक्षागृहातल्या बाकावर, साऱ्या शिष्टमंडळासमोर, आरेखक जोडे काढून उताणा झाला. त्याच्या मोज्याला अंगठ्याशी भोक होते. ते त्याच वेळी सर्वांच्या लक्षात आले. रेडिओलॉजिस्ट बाई त्याच्या पायाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी त्याची फिल्म दोन्ही हातांनी त्याच्या दिशेने धरली.

"आम्ही वरून बघत नाही. पेशंट असा झोपलेला असतो आणि आम्ही त्याच्या पायाशी उभे असतो. इथून तुमची डावी बाजू माझ्या कुठल्या हाताला आली?"

"उजव्या," मास्तर म्हणाले. डावे-उजवे हा त्यांच्या पोटापाण्याचा विषय होता.

"आणि फिल्मवर हृदय कुठल्या हाताला?"

"उजव्या."

"हे 'आर' अक्षर दिसतंय? पेशंटचा उजवा हात या बाजूला, हे सांगायला छापतात. जगात सगळीकडे असंच बघतात."

पाकिटे बंद होण्याचा कुरकुर आवाज झाला. ग्रंथपालांना काही काम आठवले, मुख्याध्यापिकांनी जाता जाता आरेखकाकडे नापास मुलाकडे पाहावे तसे पाहिले. "मला पहिल्यापासून शंका होती," सर्वज्ञ म्हणाले आणि निघाले. एकटे मास्तर थांबले. पण बरगडीमुळे त्यांना लवकर उठता येत नव्हते.

आरेखक बाकावर तसाच पडून होता. आयुष्यभर त्याने घरांकडे, शाळांकडे, शवागारांकडे वरून पाहिले होते. वरून पाहणाराला कधी कुणाच्या पायाशी जावे लागत नाही. त्याने हळूच विचारले, "म्हणजे तो माझाच आहे."

"स्कॅन? तुमचाच."

"डाग."

"डागही."

"कसला आहे?"

रेडिओलॉजिस्ट बाई बोलणार, तोच काउंटरवरून आवाज आला: "मॅडम, त्यांची तक्रार चालू आहे. मागे घेतल्याशिवाय रिपोर्ट देता येणार नाही."

मग आरेखकाने तक्रार मागे घेत असल्याचे लिहून दिले. ते लिहिताना त्याच्या अक्षराला प्रथमच वळण नव्हते. काउंटरवरच्या बाईंनी ते वाचले, एक सही राहिली म्हणून परत दिले, तारीख चुकली म्हणून पुन्हा परत दिले. त्या दोन परतींच्या मधल्या अवधीत त्याने बायकोला मनातल्या मनात सगळ्या कागदांच्या जागा सांगून टाकल्या. सर्वज्ञांचा हा एकच सल्ला त्याने पाळला.

मग रेडिओलॉजिस्ट बाईंनी त्याला आतल्या खोलीत नेऊन पडद्यावर तो काप दाखवला. काळ्या फुप्फुसात एक ठिपका, हाडासारखा पांढराशुभ्र.

"एवढा पांढरा म्हणजे चुना भरलेला. कधीतरी जंतुसंसर्ग होऊन गेला, तुम्हाला कळलाही नाही; शरीरानं तो तिथल्या तिथे चिणून टाकला. त्याचा व्रण. भिंतीत जुना खिळा राहतो आणि वरून गिलावा होतो ना, तसा. एक्स-रेत हे नीट कळेना, म्हणून तर स्कॅन. याला काही करायचं नाही. बाकी फुप्फुसं स्वच्छ आहेत."

"मग खोकला?"

"तो तुमच्या डॉक्टरांना विचारा. रक्तदाबाची कुठली गोळी घेता?"

घरच्या डॉक्टरांनी गोळीचे नाव पाहिले आणि पुन्हा "हं" म्हटले. पण या वेळचे "हं" लाजलेले होते. रक्तदाब खाली आणणारी ती गोळी काही माणसांचा खोकला वर काढते. त्यांनी ती बदलली. "आधीच लक्षात यायला हवं होतं," असे ते म्हणाले, आणि डॉक्टरांच्या तोंडून हे वाक्य ऐकणारा माणूसही हजारोंत एखादाच असतो.

खोकला लगेच गेला नाही. इतके दिवस राहिलेल्या पाहुण्याला सामान आवरायला वेळ लागतोच. एका सकाळी आरेखक दिवाणावर उताणा पडला होता. फिल्मच्या कोपऱ्यात त्याने बारीक अक्षरात 'पायाकडून पाहिल्याप्रमाणे' असे लिहून ठेवले होते, आणि ते पाकीट कपाटावर गेले होते. बायको चहा घेऊन आली. कप ठेवून ती गेली नाही. दिवाणाच्या टोकाशी, त्याच्या पायाशी उभी राहून ती त्याच्याकडे पाहत राहिली.

"काय बघतेस?"

"श्वास घ्या," ती म्हणाली.

त्याने घेतला.

"रोखा."

त्याने रोखला. खोली स्तब्ध झाली. उंबऱ्यापाशी कुणी आले नाही, कुणी खाकरले नाही. तिचे डोळे त्याच्या छातीवर, तिच्या उजव्या हाताच्या अंगाला स्थिरावले होते. आरेखकाचा चेहरा लाल होऊ लागला तेव्हा कुठे तिने डोळ्यांना पदर लावला.

"सोडा," ती म्हणाली.